चार पेडी गोफासाठी एकसारखी वादी घरी कशी कापायची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. आजोबांच्या आसुडाची दांडी अजून शाबूत आहे, पण पुढचा चामड्याचा गोफ कुजून गेलाय. तो न कमावलेल्या कातड्याच्या वाद्यांनी, म्हणजे अरुंद पट्ट्यांनी, पुन्हा चार पेडी विणायचा तुमचा विचार आहे. खाटकाकडून बकऱ्याचं कातडं आणलंत, चुन्यात घालून केस काढलेत, वाळवलंत, आणि स्टीलची पट्टी ठेवून कटरने वाद्या कापल्यात. त्या कुठे ४ मिलिमीटर तर कुठे ७ मिलिमीटर झाल्या, आणि विणताना दोन तुटल्या. बाहेरून मागवायचं हत्यार महाग पडतं, म्हणून घरी काही बनवता येईल का असं विचारताय.

बनवता येतं. लाकडाचा ठोकळा, एक बोल्ट आणि पात्याचा तुकडा एवढ्यावर भागतं. पण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमच्याकडे खरी अडचण हत्याराची नाहीच. हत्यार फक्त एक अंतर धरून ठेवतं: पात्यापासून टेकूपर्यंतचं, म्हणजे कातड्याची कड जिथे टेकते तिथपर्यंतचं. वादी एकसारखी येते ती कातड्याची जाडी, त्यातला ओलावा आणि ज्या कडेला टेकवून तुम्ही कापताय ती कड, या तिन्हींवर. हे जमलं नाही तर महागातलं हत्यारही तुम्हाला ४ आणि ७ मिलिमीटरच देईल. मी गेली बावीस वर्षं तबला, ढोलकी, पखवाज मढवतोय. वाद्याला ओढायची वादी आणि गोफाला विणायची वादी यांत रुंदीचा आणि जाडीचा फरक असतो, कापायची विद्या एकच. म्हणून आधी कातड्याबद्दल लिहितो, मग हत्याराबद्दल.

तुमच्या वाद्या का तुटल्या ते बहुतेक मला माहीत आहे. कातडं सोलताना खाटकाची सुरी आतल्या, म्हणजे मांसाकडच्या बाजूला लागते आणि बारीक चरे पडतात. वरून काही दिसत नाही. कातडं पूर्ण भिजवून दोघांनी चारी बाजूंनी ताणून उन्हासमोर धरा. जिथे चरा आहे तिथे उजेडाची पांढरट रेघ दिसेल. तिथे पेन्सिलीने फुली मारायची आणि तो भाग वगळूनच कापायचं. बकऱ्याच्या कातड्यात असे चरे फार असतात, कारण ते पातळ असतं. दुसरं कारण चुना. केस सुटले की लोक एकदा पाण्यातून काढून कातडं वाळत टाकतात. आत राहिलेला चुना वादीला ठिसूळ करतो, आणि त्याच चुन्याने पात्याची धार दोन मीटरांत बसते. पाणी बदलत बदलत दोन दिवस धुवा. शेवटचं पाणी बोटांना निसरडं लागता कामा नये. खाटकाने मीठ लावून दिलं असेल तर तेही याच धुण्यात निघून जातं. हातमोजे घाला, चुना हाताची साल काढतो.

कातडं कुठलं घ्यावं, हे तुम्हाला काय मिळतं त्यावर आहे. आसुडाला बकऱ्यापेक्षा म्हशीच्या वासराचं, म्हणजे रेडकाचं कातडं चांगलं. मोठ्या म्हशीचं फार जाड पडतं आणि ते तासण्यातच तुमचा उत्साह संपेल. आजोबांचा गोफ बैलाच्या कातड्याचा असू शकेल, पण तसं कातडं आता शोधत बसू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. गावातल्या ढोलकी-तबला दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा. त्याच्याकडे तयार, धुतलेलं कातडं असतं आणि तो हाताने दाबून चांगला तुकडा निवडून देईल. शहरात कुणी कुणी कुत्र्यांसाठी मिळणारी चघळायची कातड्याची हाडं भिजवून उलगडतात. सरावाला ठीक आहेत. पण त्यांत बरेचदा कातड्याचा खालचा, फाडून वेगळा काढलेला थर असतो आणि त्यात ताकद नसते. त्याचा आसूड करू नका.

आता पट्टी आणि कटर. पट्टीने कापलेली वादी कातड्याच्या लांबीएवढीच होते, म्हणजे मग सांधे आले, आणि गोफात सांधा हा कमजोर जागाच. शिवाय कटर ओढला की पात्यापुढे कातडं सरकतं, गोळा होतं आणि सुटल्यावर मागे जातं. पट्टी सरळ राहिली तरी खालची वादी नागमोडी होते ती यामुळे. म्हणून वादी कापायची ती गोल तुकड्यातून, बाहेरून आत, एकाच अखंड फेऱ्याने. पातं जागेवर राहतं आणि कातडं फिरतं.

किती मोठा गोल लागेल याचं गणित सोपं आहे. गोलाचं क्षेत्रफळ भागिले वादीची रुंदी म्हणजे लांबी. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. मधला ८ सेंटिमीटरचा भाग सोडून द्या, कारण तिथली वादी फार वळणाची येते आणि ताणूनही सरळ होत नाही. उरतं साधारण ६५६ चौरस सेंटिमीटर. ७ मिलिमीटर रुंदीने कापलं तर सव्वानऊ मीटरच्या वर वादी मिळते. तुमचा गोफ १.२ मीटरचा धरला, तर विणण्यात लांबी आखडते म्हणून प्रत्येक पेड दीडपट, म्हणजे १.८ मीटर, आणि हातात धरायला वर २० सेंटिमीटर. चार पेडांचे ८ मीटर झाले. म्हणजे एका गोलात तुमचं काम होतं आणि थोडी वादी शिल्लकही राहते.

हा गोल कातड्यावर कुठे आखायचा, यात निम्मं यश आहे. पाठीच्या कण्यावर कातडं जाड असतं, पोटाकडे पातळ आणि सैल. गोलाच्या मधून कणा गेला तर प्रत्येक फेऱ्यात वादी दोनदा जाड आणि दोनदा पातळ होणार. ताण दिला की पातळ जागा जास्त ओढली जाते आणि अरुंद होते. मग तुम्ही म्हणणार हत्याराने रुंदी बदलली. कण्याच्या एका बाजूला, मागच्या पुठ्ठ्याच्या वर गोल आखा. पोट आणि पाय सोडून द्या. गोल अगदी वर्तुळ नसला तरी चालतो, लांबट चालतो, पण कुठेही कोपरा नको आणि कड कापताना कात्री अडखळता कामा नये. ही पहिली कड सगळ्यात महत्त्वाची आहे. पहिल्या फेऱ्यात तीच टेकूला घासत जाते. तिच्यात खाच असेल तर पातं ती खाच जशीच्या तशी पुढच्या कडेवर उतरवतं, आणि ती कड त्याच्या पुढच्या फेऱ्याला टेकू होते. एक मिलिमीटरची खाच दहाव्या फेऱ्यापर्यंत तुमच्यासोबत येते. मी गोल कापायलाच अर्धा तास घालवतो.

ओलाव्याबद्दल कुणी नीट सांगत नाही आणि सगळे तिथेच फसतात. वाळलेलं कातडं पात्याला दाद देत नाही. पाण्यातून नुकतं काढलेलं रबरासारखं ताणतं, घसरतं. कातडं ४-५ तास भिजवा, पाणी निथळू द्या, मग ओल्या धोतराच्या फडक्यात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी ते गालाला लावून बघा. गार लागलं पाहिजे, पण चिमटीत दाबल्यावर पाणी दिसता कामा नये. कापताना पात्याचा आवाज ऐकू येईल, कागद कापल्यासारखा. आवाज येत नसेल तर अजून ओलं आहे. करकर येत असेल तर जास्त सुकलंय, पुन्हा फडक्यात ठेवा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्याकडे अर्ध्या तासात कातडं सुकतं, तेव्हा कापता कापता उरलेला गोल ओल्या फडक्याखालीच राहू द्या. कोकणातल्या पावसात उलट होतं, तिथे सकाळऐवजी दुपारपर्यंत थांबावं लागेल. याला घड्याळाचं माप देता येत नाही.

आता हत्यार. तुम्ही पाठवलेल्या चित्रात प्लॅस्टिकच्या बाटलीची दोरी काढायचं, वॉशरवर आडवं ब्लेड बसवलेलं साधन आहे. बकऱ्याच्या पातळ कातड्याला ते काही मीटर चालतं. पण कटरचं ब्लेड पातळ असतं. दीड मिलिमीटर जाडीचं कातडं त्याला ढकलतं, ब्लेड वाकतं आणि वादी हळूहळू रुंद होत जाते. वाकलेलं ब्लेड तुटून उडतं तेव्हा डोळ्यापर्यंत येतं. ते नको.

मी वापरतो ते असं. बाभळीचा किंवा शिसवाचा ठोकळा घ्या, अंदाजे ३० सेंटिमीटर लांब आणि तळहाताएवढा रुंद. पात्यासाठी लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं चांगलं. त्याचा ७-८ सेंटिमीटरचा तुकडा तोडा आणि ग्राइंडरवर एका बाजूने दाते घालवून धार काढा. प्रत्येक दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कड निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ती धार टिकत नाही. पुढे निसण्यावर घासा आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून फिरवा. हातावरचे केस निघाले पाहिजेत.

ठोकळ्यात करवतीने २ सेंटिमीटर खोल खाच पाडा, पातं तिच्यात उभं बसवा आणि बांबूची पाचर ठोका. ही खाच सरळ उभी पाडू नका. पात्याचं वरचं टोक येणाऱ्या कातड्याकडे किंचित झुकलेलं हवं, घड्याळाच्या दोन-तीन मिनिटांएवढं. असं झुकलेलं पातं कातड्याला खाली ठोकळ्यावर दाबत कापतं. उलटं झुकलं तर कातडं पात्यावर चढतं, आणि तुम्ही ते बोटाने दाबायला जाता. बोटं कापतात ती याच वेळी.

पात्याच्या शेजारी, धारेच्या अगदी रेषेत किंवा १-२ मिलिमीटर पुढे, ६ मिलिमीटरचा गुळगुळीत दांड्याचा बोल्ट उभा बसवा. बोल्टाच्या अंगापासून पात्यापर्यंतची मोकळी जागा म्हणजे वादीची रुंदी. टेकू गोल बोल्टाचाच का, लांब पट्टीचा का नाही? गोलाची कड बाहेर फुगलेली असते. ती लांब पट्टीला कुठेतरी एकाच बिंदूत टेकते आणि फेरा लहान होत जातो तसा तो बिंदू सरकतो. बोल्टावर टेकायची जागा ठरलेली राहते. बोल्ट पात्याच्या बराच पुढे किंवा मागे गेला तरी हाच घोटाळा होतो, म्हणून तो धारेशीच हवा.

पात्याचं वरचं टोक मोकळं ठेवू नका. बोल्टावर आणि पात्याच्या टोकावर मिळून एक लाकडी टोपी बसवा. बोल्टासाठी तिला भोक आणि पात्यासाठी खाच. दोन फायदे होतात. पातं वर वाकत नाही, आणि काम नसताना उघडी धार कुणाला लागत नाही.

बरेच जण इथे विचारतात की रुंदी कमीजास्त करायची सोय करता येईल का. मी सुरुवातीला तसंच केलं होतं, लांबट भोकात सरकणारा बोल्ट, मागे नट. एका ढोलकीची अख्खी वादी कापून झाल्यावर कळलं की ओढीने नट कणाकणाने सरकत होता. सुरुवात ६ मिलिमीटर, शेवट साडेआठ. ताणल्यावर अरुंद भागाने सगळा ताण घेतला आणि सूर लावताना ती तिथेच सुटली. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येक मापाचा वेगळा ठोकळा आहे आणि बोल्ट कायमचा ठोकलेला. लाकूड स्वस्त आहे. तुम्हाला दोन लागतील, एक ७ मिलिमीटरचा आणि एक ५ मिलिमीटरचा. दोन का, ते पुढे येतंच.

ठोकळा टेबलाला शिकंज्याने आवळा. गोलाच्या कडेला कात्रीने ७ मिलिमीटर रुंदीची ५ सेंटिमीटर लांब जीभ काढा, ती पातं आणि बोल्ट यांच्या मधून ओवा आणि पक्कडीने धरा. मग ओढायची ती फक्त वादी. गोलाला ढकलायचं नाही. डावा हात गोलावर सपाट, त्याने कड बोल्टाला टेकलेली राहील एवढंच बघायचं. गोल आपोआप फिरतो. उजवा हात पात्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि सारखा ओढा. हात पुढे घ्यायला थांबलात तर ताण सोडू नका, आधी दुसऱ्या पकडीने धरा आणि मग पहिली सोडा. जिथे ताण सुटतो तिथे कडेला दात पडतो. दर दोन-तीन मीटरांनी पातं चामड्याच्या पट्टीवर फिरवा. ओढायला जोर लागू लागला की धार गेली असं समजा. जोर वाढवू नका. डाव्या हाताची बोटं कधीही पात्याच्या समोर, म्हणजे धार ज्या दिशेला आहे तिथे नकोत. डाव्या हातात जाड चामडी हातमोजा घाला.

ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, आणि डाव्या अंगठ्याचं नख. वादीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचे, नख कडेला टेकवायचे आणि रापी नखापासून ठरलेल्या अंतरावर धरायचे. आमचा बोल्ट म्हणजे त्यांचं नख. अर्जेंटिनातले गाऊचो, म्हणजे तिथले गुराखी, अशा वादीला ‘तिएंतो’ म्हणतात, तेही सुरी आणि अंगठ्यानेच कापतात. कॅलिफोर्निया-मेक्सिकोकडच्या गुराख्यांचा ‘रियाता’ हा लांबलचक फास याच कच्च्या कातड्याच्या बरेचदा चार पेडांचा विणलेला असतो. हाताने कापण्यात एक मोठा फायदा आहे: कातडं पातळ झालं की कारागीर तिथे वादी किंचित रुंद ठेवतो आणि ताकद सारखी राखतो. ठोकळ्याला ते कळत नाही. तुम्ही दहा-बारा गोल कापलेत की एकदा हातानेही करून बघा.

आता दोन ठोकळ्यांचं कारण. पहिली कापणी ही शेवटची नसते. ७ मिलिमीटरने कापलेली वादी ओली असतानाच ताणायची. दोन खांबांमध्ये किंवा गच्चीच्या कठड्याला, सावलीत. अंगाचा भार टाकू नका, हाताने ओढून तिची लवचीक ओढ संपेपर्यंत ताणा, बांधा आणि पूर्ण वाळू द्या. गोलाचं वळण निघतं, वादी लांब होते आणि कुठे सहा, कुठे साडेपाच अशी अरुंद होते. ती जिथे ५ च्या खाली गेली, ती जागा पातळ किंवा कमजोर होती. ती आत्ताच सापडली, गोफात गेल्यावर नाही. तेवढा तुकडा कापून टाका. उरलेल्या वाद्या पुन्हा फडक्यात ओलसर करून ५ मिलिमीटरच्या ठोकळ्यातून ओढा. या वेळी जी कड जास्त सरळ दिसते ती बोल्टाला लावा आणि बांबूच्या कांबीने वादी बोल्टावर दाबून धरा, बोटाने नाही. एका कडेची बारीक साल निघत जाईल. ही दुसरी कापणी आजकाल बहुतेक लोक गाळतात, आणि मग गोफात पेड वर-खाली दिसतात.

जाडीसाठी सुताराचा छोटा रंधा पुरतो. पातं अगदी कमी बाहेर काढा, रंधा उलटा शिकंज्यात धरा आणि वादी त्यावरून, मांसाकडची बाजू खाली ठेवून, पाटीच्या तुकड्याने दाबत ओढा. केसांकडची बाजू कधीही तासू नका, वादीची घट्ट वीण तिथे असते. जाड जागेवर दोनदा, पातळ जागेवर दाब सोडून. दोन बोटांत धरून वादी सरकवली की उंचवटा लगेच कळतो, त्यासाठी जाडी मोजायचा व्हर्नियर असलाच पाहिजे असं नाही. कडांचे काटकोनी कोपरे वस्तऱ्याने हलके मारले तर गोफ गोल आणि मऊ बसतो. पहिल्या गोफाला नाही मारलेत तरी चालेल.

तुमच्याकडे आधी कापलेल्या ज्या ४-७ मिलिमीटरच्या वाद्या पडून आहेत, त्या फेकू नका. ज्या तुटल्या नाहीत त्या भिजवून ताणा आणि एक ४ मिलिमीटरचा ठोकळा करून त्यातून काढा. लांबी कमी असेल, पण दांडीला गोफ जिथे अडकतो तिथल्या गाठी आणि वेढे त्यांचेच करता येतील. सरावही होईल.

विणताना वाद्या कापताना होत्या त्याहून थोड्या जास्त ओलसर ठेवा आणि साध्या अंगाच्या साबणाचा फेस लावा, म्हणजे त्या एकमेकींवरून सरकतात आणि पेड घट्ट ओढला जातो. प्रत्येक पेडाची स्वतंत्र गुंडाळी करून रबर लावा, नाहीतर दोन मीटरची टोकं एकमेकांत अडकतात. गोफ पुरा झाला की ओला असतानाच फरशीवर ठेवून वरून सपाट फळी दाबत लाटा. मग एका टोकाला वीट बांधून सावलीत टांगा. वाळायला दोन-तीन दिवस लागतील. वाळल्यावर कोमट एरंडेलाचा अगदी हलका हात फिरवा, जास्त तेल घातलं तर कातडं लिबलिबीत होतं. आणि टांगाल तिथे उंच टांगा. कच्चं कातडं उंदीर आणि कुत्री दोघंही खातात, माझी दोन दिवसांची वादी एका रात्रीत गेली आहे.

कातडं मिळालं की त्याची जाडी आणि ते कुठल्या भागाचं आहे ते कळवा. २ मिलिमीटरच्या वर असेल तर ७ चा ठोकळा करू नका, थांबा. त्याला पहिली कापणी ९ ने करावी लागेल आणि रंध्याचं काम कापण्याआधी येईल.